खांदा आणि दंडाच्या दुखापती: कुठला हात हलवायचा, कुठला जपायचा?

सुमेधा_मिरज

नमस्कार मंडळी. मी मिरजेत फिजिओथेरपिस्ट आहे. कंबर आणि गुडघ्यांच्या खालोखाल माझ्याकडे माणसं येतात ती खांदा घेऊन. त्यातल्या बऱ्याच जणांचं मूळ दुखणं आटोक्यातलं असतं, पण मधल्या काळात नेमके उलटे उपचार होऊन गेलेले असतात. ज्याने हात गळ्यात बांधून काही दिवस स्वस्थ बसायचं, त्याने तो तेल लावून चोळून घेतलेला असतो. आणि जिने रोज थोडाथोडा हलवत ठेवायचा, तिने तो महिनोन्महिने पोटाशी धरून जपलेला असतो. म्हणून हा धागा.

‘खांदा दुखतोय’ ही तक्रार झाली. निदान अजून व्हायचंय. शेक, बर्फ, मालिश, व्यायाम, विश्रांती यातलं काय करायचं ते निदान झाल्यावरच ठरतं.

आधी रचना थोडक्यात. दंडाच्या हाडाचं वरचं टोक गोल आणि मोठं, आणि ते ज्या खोबणीत बसतं ती अगदी उथळ. बशीत लिंबू ठेवावं तसा हा सांधा आहे. म्हणूनच हात चौफेर फिरतो आणि म्हणूनच तो निखळतोही पटकन. सांध्याला जागेवर धरून ठेवायचं काम सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलारिस हे चार स्नायू करतात. यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. या स्नायूंच्या आत, सांध्याभोवती एक पातळ पिशवी असते, तिला कॅप्सूल म्हणतात. खांद्याचं जे काही बिघडतं ते बहुतेक वेळा हाड, कफ किंवा पिशवी यांपैकी एकाचं.

पेशंट समोर बसला की मी पहिल्यांदा वय विचारते. विशीतला मुलगा पडून आला असेल तर सांधा निखळणं नाहीतर कॉलरबोन (गळ्याखालचं आडवं हाड) मोडणं. चाळीस ते साठ या वयात काही न लागता हळूहळू दुखायला लागलं असेल तर फ्रोझन शोल्डर किंवा कफचं दुखणं. सत्तरीतली बाई न्हाणीघरात घसरली असेल तर दंडाचं हाड वरच्या टोकाशी मोडलेलं असण्याची शक्यता मोठी. अपवाद असतात, पण सुरुवात इथून करायची.

दुसरी गोष्ट घरी पाहता येते. मात्र पडून किंवा आपटून दुखत नसेल तरच करा. कोपर कुशीला चिकटवून काटकोनात वाकवा, आणि हात बाहेरच्या बाजूला फिरवा, दार उघडल्यासारखा. मग घरातल्या कुणाला तरी तोच हात हलकेच आणखी बाहेर न्यायला सांगा. तुमच्याने जात नाही आणि त्यांच्यानेही जात नाही, मध्येच भिंत लागल्यासारखं अडतं, तर पिशवी आखडलेली असू शकते. म्हणजे फ्रोझन शोल्डर. तुमच्याने हात वर होत नाही पण दुसऱ्याने धरून नेला तर सहज वर जातो, तर कफचा विचार करायचा. यावर एक्स-रे हवाच, कारण सांध्याची झीज असली तरी हात असाच अडतो.

फ्रोझन शोल्डरवर जरा जास्त लिहिते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ याच्यातच आहे. बायकांमध्ये जास्त दिसतो. मधुमेह आणि थायरॉइडवाल्यांमध्ये तर फारच. सर्वसाधारण लोकांत २ ते ५ टक्के आणि मधुमेहींत १० ते २० टक्के असं प्रमाण सांगितलं जातं. सुरुवात रात्रीच्या दुखण्याने होते. मग ब्लाउजचा हूक लागेना, अंबाडा घालता येईना, दोरीवर कपडे टाकताना कळ येते, पुरुषांना मागच्या खिशातलं पाकीट काढता येईना. पहिले काही महिने दुखणं जोरात आणि हात आखडत जातो. मग दुखणं कमी होतं पण आखडलेपण तसंच राहतं. शेवटी हळूहळू सुटतो. हे सगळं मिळून एक ते तीन वर्षं चालू शकतं.

पहिल्या टप्प्यात जोर लावून हात ओढला की दुखणं भडकतं. या काळात दुखणं कमी करणं महत्त्वाचं: औषध, शेक, गरज पडल्यास सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन, आणि सोसेल एवढीच हालचाल. ताणायचे व्यायाम दुखणं उतरायला लागल्यावर वाढवायचे. माझा नियम असा: व्यायामानंतर तासाभरात दुखणं पूर्ववत झालं तर ठीक. रात्री झोप उडाली तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा, बंद करू नका.

व्यायाम कुठले? ओट्यावर चांगला हात टेकून कंबरेत वाका आणि दुखरा हात लोंबता सोडा. हात हलवायचा नाही, अंग हलवायचं, हात आपोआप झुलतो. दुसरा, भिंतीवर बोटं चढवत नेणं. तिसरा लोक टाळतात आणि तोच सगळ्यात गरजेचा: पाठीवर उताणं झोपा, कोपर कुशीशी, दोन्ही हातांत लांब दांड्याची छत्री आडवी धरा, आणि चांगल्या हाताने छत्री ढकलून दुखरा हात बाहेर न्या. बाहेर फिरायची हालचाल सगळ्यात आधी जाते, आणि ती सुटल्याशिवाय हात वर नीट जात नाही.

झोपताना दुखऱ्या कोपराखाली चादरीची घडी ठेवा म्हणजे दंड मागे लोंबत नाही. कुशीवर झोपायचं तर चांगल्या कुशीवर, उशी कवटाळून.

आता धीर न धरता दवाखाना गाठायच्या खुणा. पडल्यानंतर खांद्याचा गोलवा जाऊन तो चौकोनी दिसतोय. हाताला मुंग्या, बधिरपणा, बोटं गार किंवा निळसर. मनगट वर उचलता येत नाही. ताप आणि खांदा गरम लाल. कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाचं नवीन दुखणं. फिट येऊन गेल्यावर किंवा विजेचा धक्का बसल्यावर खांदा फिरेनासा होणं, कारण अशा वेळी सांधा मागच्या बाजूला निखळलेला असू शकतो आणि समोरून काढलेल्या एका एक्स-रेत तो सुटून जाऊ शकतो. दुसऱ्या कोनातून फोटो काढायला सांगा.

आणि मार बसलेल्या हातातल्या बांगड्या आणि अंगठ्या तिथल्या तिथे काढा. सूज खाली बोटांपर्यंत सरकते, आणि नंतर त्या कापून काढाव्या लागतात.

तुमचे अनुभव लिहा. प्रश्न विचारा, जमेल तशी उत्तरं देते.

---

रानवारा

उत्तम धागा ताई. आमच्याकडचा प्रश्न विचारतो. पुतण्या कबड्डी खेळतो, वय १९. चढाईत बोनसला पाय टाकायला गेला, कोपरारक्षकाने मनगट धरलं आणि मागून मध्यरक्षक अंगावर आला. हात बाहेर ताणलेला असतानाच उलटा फिरला आणि खांदा उतरला. मैदानावर एका जुन्या खेळाडूने काखेत टाच लावून हात ओढला, कट् आवाज झाला आणि बसला. एक्स-रे काढला नाही. पुढच्या महिन्यात सरावाला गेला तेव्हा परत उतरला. आता अंगातून शर्ट काढताना सुद्धा भीती वाटते म्हणतो. गावात सगळे म्हणतात व्यायामाने घट्ट होईल. खरं आहे का?

---

अस्थिमित्र

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे, म्हणून याचं उत्तर मी देतो.

सांधा निखळतो तेव्हा बहुतेक वेळा, म्हणजे शंभरातल्या सुमारे पंचाण्णव वेळा, तो पुढच्या बाजूला येतो. हात बाहेर आणि वर असताना मागे ढकलला गेला की हे होतं, तुम्ही वर्णन केलंत तसंच. काखेत टाच लावून ओढायची पद्धत हिपोक्रॅटिसच्या नावाने ओळखली जाते, म्हणजे फार जुनी आहे. पण निखळलेल्या सांध्यासोबत हाड मोडलेलं आहे का, हे डोळ्यांना दिसत नाही. तशात ओढलं तर मोडलेला तुकडा सरकतो, काखेतली नस किंवा रक्तवाहिनी दुखावते. म्हणून आधी एक्स-रे, मग दुखणं कमी करणारं औषध, मग सावकाश बसवणं, आणि बसवल्यावर पुन्हा एक्स-रे. दंडाच्या बाहेरच्या बाजूला, खांद्याच्या थोडं खाली, बोटाने स्पर्श कळतो का हे बसवण्याआधी आणि नंतर तपासायचं. तिथे बधिर वाटलं तर अ‍ॅक्सिलरी नर्व्ह दुखावलेली असते. ती बहुधा आपोआप सुधारते, पण नोंद हवी.

आता पुतण्याचं. विशीच्या आत पहिल्यांदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याचं प्रमाण खूप मोठं असतं, आणि त्यात तो कबड्डी खेळतो. सांधा पुढे येताना खोबणीच्या कडेची कुर्चा सुटते, त्याला बँकार्ट लिजन म्हणतात. दंडाच्या डोक्याला मागून खाच पडते, ती हिल-सॅक्स. सुटलेली कुर्चा व्यायामाने परत चिकटत नाही. व्यायामाने स्नायू सावरून धरतात, आणि बैठं काम करणाऱ्याला तेवढं पुरतंही. पकडीच्या खेळात नाही पुरत. एमआरआय करून घ्या. खोबणीचं हाड झिजलेलं नसेल तर दुर्बिणीतून बँकार्ट दुरुस्ती होते. हाड बरंच झिजलं असेल तर लाटार्जे नावाची, शेजारचा हाडाचा तुकडा आणून बसवायची शस्त्रक्रिया करतात. मैदानावर परतायला साधारण चार ते सहा महिने धरा. तोपर्यंत एकही सामना नको. प्रत्येक वेळी निखळताना खोबणीची कड थोडी झिजते, आणि मग सोपी शस्त्रक्रिया अवघड होऊन बसते.

चाळिशीच्या पुढे पहिल्यांदा निखळला तर गणित बदलतं. पुन्हा निखळण्याची शक्यता कमी, पण सोबत कफ फाटण्याची शक्यता जास्त. सांधा बसवल्यावर दोन-तीन आठवड्यांनी सुद्धा हात उचलत नसेल तर ‘अजून दुखतंय म्हणून’ असं समजू नका, सोनोग्राफी किंवा एमआरआय करा.

---

क्रिकेटवेडा_पुणे

श्रेयस अय्यरचं आठवलं. २३ मार्च २०२१, पुण्याजवळ गहुंज्याला इंग्लंडविरुद्धचा पहिला एकदिवसीय सामना. चेंडू अडवायला झेपावला आणि डावा खांदा अर्धवट निखळला. एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली, आयपीएलचा पहिला अर्धा भाग गेला, आणि सप्टेंबरमध्ये यूएईत उरलेले सामने खेळायला उतरला. रानवारा, पुतण्याला हे उदाहरण दाखवा. सगळ्या सोयी हाताशी असलेल्या खेळाडूलाही पाच महिने लागले.

---

रानवारा

मनापासून आभार दोघांचेही. खर्चाची काळजी आहे, जमीन थोडी आहे.

---

अस्थिमित्र

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हाडांच्या अनेक शस्त्रक्रिया येतात. यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा आणि ही विशिष्ट शस्त्रक्रिया योजनेत बसते का ते विचारा. जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय हा दुसरा मार्ग आहेच.

---

मनीषा_ठाणे

सुमेधाताई, तुम्ही लिहिलेलं वाचून आपलीच केस कुणीतरी लिहिलीय असं वाटलं. वय ५२, दहा वर्षं मधुमेह. लोकलमध्ये वरचा दांडा धरता येत नाही, डाव्या हाताने पर्स काढावी लागते. डॉक्टरांनी इंजेक्शन सुचवलंय. आमच्या सोसायटीतल्या सगळ्याजणी म्हणतात स्टिरॉइड घेऊ नकोस, हाडं पोकळ होतात. शिवाय साखर वाढेल ही धास्ती आहे. काय करू?

---

सुमेधा_मिरज

मनीषाताई, गोळीने रोज स्टिरॉइड महिनोन्महिने घेणं आणि सांध्यात एकदा इंजेक्शन घेणं यात फार अंतर आहे. हाडं ठिसूळ होण्याची भीती पहिल्या प्रकारात. सांध्यातलं इंजेक्शन पहिल्या, दुखऱ्या टप्प्यात चांगलं काम करतं. काही आठवडे दुखणं उतरतं आणि त्या काळात व्यायाम करून घेता येतो. इंजेक्शन घेऊन घरी बसून राहिलं तर फायदा निम्मा वाया जातो.

साखर वाढते, हे खरं आहे. काही दिवस, क्वचित आठवडाभर किंवा थोडं जास्त. म्हणून आधी मधुमेहाच्या डॉक्टरांशी बोला, घरी ग्लुकोमीटरने रोज तपासा, आणि एचबीए१सी (सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर) खूप वर असेल तर आधी ते खाली आणा. एकाच खांद्यात वारंवार इंजेक्शनं नकोत, स्नायूबंध कमजोर होतात. आणि हो, दुसऱ्या खांद्याकडेही लक्ष ठेवा. मधुमेहात कधीकधी पुढेमागे तोही आखडतो. त्याच छत्रीने त्यालाही रोज फिरवा.

---

अपर्णा_लीड्स

इथे ब्रिटनमध्ये एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या ३५ रुग्णालयांत फ्रोझन शोल्डरवर मोठा अभ्यास झाला, यूके फ्रॉस्ट नावाचा. ५०३ पेशंट. फिजिओथेरपी आणि इंजेक्शन, भूल देऊन हात मोकळा करणं, आणि दुर्बिणीतून पिशवी सोडवणं, असे तीन गट. २०२० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. वर्षअखेरीस तिन्ही गटांत ठळक म्हणावा असा फरक नव्हता, आणि शस्त्रक्रियेच्या गटात धोके जास्त. माझ्या सासूबाईंचा खांदा आखडला होता. इंजेक्शन आणि व्यायामावर बऱ्या झाल्या, वेळ मात्र भरपूर लागला. त्यांच्या फिजिओने त्यांना विणकाम चालू ठेवायला सांगितलं होतं, म्हणजे हात वापरात राहील. मनीषा, घाबरू नकोस गं.

---

विठ्ठल_तात्या

धागा चांगला आहे, पण एक मुद्दा मांडतो. आमच्या भागात हाड बसवणारे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. माझ्या वडिलांचा खांदा त्यांनीच बसवला होता, पुढे शेवटपर्यंत कुळव धरला त्यांनी. मध्यरात्री तालुक्याला जायला गाडी नाही तेव्हा माणसाने करायचं काय? शहरातल्या लोकांना हे लिहिणं सोपं आहे.

---

सुमेधा_मिरज

तात्या, तुमचं म्हणणं रास्त आहे. दवाखाना लांब असतो तेव्हा माणूस जो जवळ आहे त्याच्याकडेच जाणार. त्या रात्री करण्यासारखं मी सांगते. हात जसा आहे तसा पोटाशी टेकवा. साडीचा, ओढणीचा किंवा उपरण्याचा तिकोनी पट्टा करून गळ्यात बांधा, कोपर काटकोनात, हात कोपरापेक्षा किंचित वर. दुसरी पट्टी हातावरून छातीभोवती, म्हणजे हात हलणार नाही. टॉवेलात गुंडाळून बर्फ पंधरा-वीस मिनिटं. काही खाऊ-पिऊ घालू नका, भूल द्यावी लागली तर पोट रिकामं बरं. १०८ ला फोन करा. गाडी मिळेपर्यंत दर थोड्या वेळाने बोटं हलतात का, गरम आहेत का, स्पर्श कळतो का ते पाहत राहा.

चोळू मात्र देऊ नका, आणि बांबूच्या कामट्या लावून घट्ट आवळू देऊ नका. मी असा एक हात पाहिलाय. शेतमजूर मुलगा, दंडाला कामट्या आवळून दोन दिवस ठेवलेला. सुजेला फुगायला जागाच नव्हती. हात वाचला, पण बोटं पुरती मिटत नाहीत अजून. पट्टी बांधल्यावर बोटं बधिर व्हायला लागली किंवा बोटं सरळ करताना जीव जाईल अशी कळ आली, तर मध्यरात्र असो की पहाट, पट्टी तिथेच सोडायची.

ताज्या माराच्या जागी जोरात मालिश केलं तर रक्त साकळतं आणि कधीकधी स्नायूत हाड तयार होतं. कोपराजवळ हे विशेष दिसतं. जुन्या, आखडलेल्या खांद्याला व्यायामाआधी कोमट तेल हलक्या हाताने लावायला माझी ना नाही.

---

विठ्ठल_तात्या

पटलं. पट्टी बांधायची ही पद्धत आमच्या मंडळाच्या फलकावर लिहून लावतो.

---

माने_बाळासाहेब

पंजा लढवताना दंड मोडतो हे कुणाला खरं वाटणार नाही. जत्रेत माझ्या मित्राचं डोळ्यांदेखत झालं. दोघं तुल्यबळ, समोरच्याने शेवटचा जोर लावला आणि बंदुकीसारखा आवाज आला. हाड मधोमध पिळून मोडलं. त्याहून वाईट म्हणजे मनगट लुळं पडलं, वर उचलेना. आम्ही समजलो हात गेला.

---

अस्थिमित्र

पंजा लढवताना हाडाला पीळ बसतो आणि ते तिरकं, नागमोडी मोडतं. हा ओळखीचा प्रकार आहे. दंडाच्या हाडाला वळसा घालून रेडियल नर्व्ह जाते. दंड मोडलेल्यांपैकी साधारण दहातल्या एकाची ती दुखावते आणि मनगट पडतं. बंद फ्रॅक्चरमध्ये बहुतेकांची ती आपोआप परत येते. नस दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढते, म्हणून तीन-चार महिने धीर धरावा लागतो. तोपर्यंत मनगट वर उचलून धरणारी पट्टी, म्हणजे कॉक-अप स्प्लिंट, आणि रोज दुसऱ्या हाताने बोटं आणि मनगट सरळ करत राहायचं. हे केलं नाही तर नस परत येते तेव्हा सांधे आखडलेले असतात. हाडासाठी आधी यू-स्लॅब (दंडाला यू आकाराचं प्लास्टर) आणि मग प्लॅस्टिकचा ब्रेस पुष्कळांना पुरतो, जुळायला दोन-तीन महिने. जखम उघडी असेल, हाड नीट राहत नसेल, दोन्ही हातांचे दंड मोडले असतील, तर प्लेट.

मोटारसायकलवरून पडून डोकं एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ताणला गेला, आणि अख्खा हात लोंबतोय, तर ते वेगळं आणि गंभीर. मानेतून निघणारं नसांचं जाळंच तुटलेलं असतं. त्याची शस्त्रक्रिया तीन ते सहा महिन्यांच्या आत झाली तर उपयोग चांगला होतो. ‘बघू, येईल शक्ती’ म्हणत वर्ष घालवलेली पोरं येतात तेव्हा फार वाईट वाटतं.

---

नंदिनी_नाशिक

आई, वय ७४, न्हाणीघरात घसरली. दंडाचं हाड खांद्याशी मोडलंय, दोन तुकडे थोडे सरकलेत. एका ठिकाणी उद्याच प्लेट टाकू म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी नुसता आर्म पाऊच, म्हणजे हात अडकवायची झोळी दिली. आम्ही भावंडं दोन रात्री वाद घालतोय. शिवाय आज छातीपर्यंत आणि कोपरापर्यंत सगळं काळंनिळं झालंय, ते बघून आणखीच घाबरलोय.

---

अस्थिमित्र

काळंनिळं होणं अपेक्षित आहे. मोडलेल्या हाडाचं रक्त गुरुत्वाकर्षणाने खाली उतरतं, कोपरापर्यंत आणि छातीवरही. दोनेक आठवड्यांत पिवळं पडून जाईल.

ब्रिटनमध्ये प्रोफर नावाचा अभ्यास झाला, २५० पेशंट, २०१५ मध्ये जामा या नियतकालिकात आला. दंडाच्या वरच्या टोकाच्या सरकलेल्या फ्रॅक्चरमध्ये शस्त्रक्रिया केलेले आणि न केलेले यांच्यात दोन वर्षांनी फरक आढळला नाही. म्हणून या वयात पाऊच हा पूर्ण उपचार आहे, कमी दर्जाचा नव्हे. हाडाचं गोल डोकं सांध्यातून निखळलं असेल, तुकडे फार लांब गेले असतील किंवा डोकंच दुभंगलं असेल तर शस्त्रक्रियेचा विचार वेगळा. तुमचे फोटो पाहिल्याशिवाय मी याहून जास्त बोलणार नाही. दोन्ही डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: शस्त्रक्रिया न केल्यास आईला रोजचं कुठलं काम जमणार नाही? उत्तरावरून ठरवा.

---

सुमेधा_मिरज

नंदिनी, आईंची बोटं, मनगट आणि कोपर पहिल्या दिवसापासून हलवायचं. पाऊचमधून हात काढून दिवसातून तीन-चार वेळा कोपर सरळ करायचं. डॉक्टरांनी परवानगी दिली की, साधारण दोन-तीन आठवड्यांनी, ओट्याला टेकून झुलवणं सुरू. पहिले काही दिवस आरामखुर्चीत रेलून झोपल्या तर दुखणं कमी राहील, सपाट झोपलं की हाड मागे ओढलं जातं. काखेत सुती कापडाची घडी ठेवा आणि रोज बदला, नाहीतर तिथली कातडी ओलसर राहून सोलते.

आणि एवढ्याशा पडण्याने हाड मोडलं याचा अर्थ हाडं ठिसूळ झालीत. डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी) आणि ड जीवनसत्त्व तपासून त्याचा उपचार सुरू करा. न्हाणीघरात पकडायला दांडा बसवा. पुढचं फ्रॅक्चर खुब्याचं असू शकतं, ते टाळणं आपल्या हातात आहे.

---

संजीव_के

माझा एमआरआय आलाय: सुप्रास्पायनेटस पार्शल टेअर, बर्सायटिस, एसी जॉइंट आर्थ्रायटिस. म्हणजे कफचा एक बंध अर्धवट फाटलाय, त्यावरच्या गादीला सूज आहे आणि कॉलरबोनच्या टोकाचा सांधा झिजलाय. वय ६१, पडलो-बिडलो नाही. वर्षभर अधूनमधून दुखतं, हात पूर्ण वर जातो. रिपोर्ट वाचून झोप लागेना. एका ठिकाणी ‘हाड घासून जागा करून देऊ’ असं सुचवलंय.

---

सुमेधा_मिरज

संजीवदादा, साठीनंतर खांदा अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एमआरआयमध्ये हेच शब्द येतात. रिपोर्टपेक्षा हात काय करू शकतो ते महत्त्वाचं, आणि तुमचा तर पूर्ण वर जातो. हाड घासण्याच्या शस्त्रक्रियेवर सीसॉ नावाचा अभ्यास २०१८ च्या लॅन्सेटमध्ये आहे. एका गटात खरंच हाड घासलं, दुसऱ्यात नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली. दोन्ही गटांच्या दुखण्यात कामाचा फरक दिसला नाही. तुम्ही तीन महिने मन लावून व्यायाम करा. थेराबँड (व्यायामाचा रबरी पट्टा) दाराच्या कडीला बांधून कोपर कुशीशी ठेवून हात बाहेर ओढणं, पाठीची पाती मागे खेचणं, मग हळूहळू वजन वाढवत हात वर नेणं. फ्रोझनमध्ये ताण लागतो, कफला ताकद लागते.

पडल्यावर त्याच क्षणी हात उचलेनासा झाला असता तर मी तुम्हाला लगेच सर्जनकडे पाठवलं असतं. मार लागून ताजा फाटलेला कफ काही आठवड्यांत शिवलेला बरा, उशिरा तो आत ओढला जातो.

दंडातली बेटकुळी अचानक खाली घसरून गोळा झाली तरी लोक घाबरतात. वरचा बंध तुटला असेल तर वयस्क माणसाला बहुधा शस्त्रक्रिया लागत नाही, ताकद फारशी जात नाही. पण जड पोतं उचलताना कोपराच्या खोबणीत ‘फट्’ झालं आणि बेटकुळी वर सरकली, तर खालचा बंध तुटलाय. तो दोन-तीन आठवड्यांत जोडलेला चांगला.

---

गिरीश_ना

एक गोष्ट कळकळीने लिहितो. माझे मोठे बंधू डावा खांदा आणि दंड दुखतो म्हणून बाम चोळत होते. जिना चढलं की दुखायचं, बसलं की थांबायचं. हात कसाही फिरवला तरी दुखायचं नाही. शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी हे एक वाक्य ऐकलं आणि ईसीजी काढायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी अँजिओप्लास्टी झाली. कृपया हे मूळ लेखात घाला.

---

सुमेधा_मिरज

गिरीशदादा, बरं झालं लिहिलंत. हात फिरवून दुखणं बदलत नसेल आणि चालण्या-चढण्याने येत असेल, घाम येत असेल, छाती जड वाटत असेल, तर माझ्याकडे किंवा हाडांच्या डॉक्टरकडे यायचंच नाही, थेट हृदयाच्या डॉक्टरकडे जायचं. तसंच उजव्या खांद्याच्या टोकाशी, जेवणानंतर येणारी कळ पित्ताशयाची असू शकते. आणि दुखणं कोपराच्या खाली बोटांपर्यंत जात असेल, मान वळवली की वाढत असेल, तर मूळ मानेत.

---

केदार_प

शेवटचा एक प्रश्न. स्कूटर घसरून कॉलरबोन मोडली, मधोमध. पाठीवर आठच्या आकाराचा पट्टा दिलाय, काखेत काचतो. ओळखीच्या एकाने सांगितलं की नुसती झोळीही चालते. आणि हाड जुळलं की तिथे टेंगूळ राहणार का? गाडी कधी चालवता येईल?

---

अस्थिमित्र

झोळीने आणि आठच्या पट्ट्याने हाड सारखंच जुळतं, आणि झोळीत त्रास कमी. डॉक्टरांना विचारून बदलून घ्या. तुकडे एकमेकांवर चढून दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त आखूड झाले असतील, किंवा टोक कातडीला आतून टोचून ती पांढरी पडली असेल, तर प्लेटबद्दल बोलायला हवं. टेंगूळ राहील, काही वर्षांत थोडं बसेल, त्याने काही बिघडत नाही. लहान मुलांत तर ते दिसेनासं होतं.

गाडीचं म्हणाल तर तारीख मोजू नका. एक्स-रेत हाड जुळायला लागलेलं दिसलं पाहिजे, मोठ्या माणसाला त्याला सहा ते बारा आठवडे लागतात. मग उभ्या गाडीवर बसा, स्टँडवरून काढून पहा, दोन्ही ब्रेक करकचून दाबा, मान आणि खांदा वळवून मागे बघा. यातलं काहीही करताना कळ आली तर अजून आठ दिवस बसने जा.

---

केदार_प

उद्याच झोळी आणतो. स्टँडवरून काढणं सध्या तरी कल्पनेबाहेरचं आहे, त्यामुळे उत्तर मिळालं.